चिरा, जांभा आणि लॅटराइट : दगड एक की तीन?

प्रश्न : आम्ही पुण्याचे, रत्नागिरी जिल्ह्यातील मूळ गावी लहानसे घर बांधत आहोत. गवंड्याच्या अंदाजपत्रकात ‘चिरा’, आर्किटेक्टच्या नकाशात ‘लॅटराइट’ आणि शेजाऱ्यांच्या तोंडी ‘जांभा’ आहे. आमच्या समजुतीप्रमाणे चिरेबंदी वाडा काळ्या दगडाचा असतो. मग आम्हाला नेमका कोणता दगड मिळणार?

उत्तर : आपल्याला एकच दगड मिळणार आहे, आणि तो काळा नसून तांबडा असेल. जांभा हे खडकाचे नाव आहे, तर चिरा हे त्या खडकाला दिलेल्या आकाराचे. घडवून चौकोनी केलेला दगड तो चिरा, मग तो कोणत्याही जातीचा असो. देशावर बांधकामाला हाताशी असतो तो काळा बेसॉल्ट, म्हणून तिकडच्या माणसाच्या मनात ‘चिरेबंदी’ म्हणताच काळी भिंत उभी राहते. कोकणात आणि गोव्यात मात्र चिरे जांभ्याच्याच खाणीतून निघत आले, त्यामुळे तेथे आकाराचे नाव खडकालाच चिकटले आणि ‘चिरा’ म्हणजे जांभा हे समीकरण रूढ झाले. दोन्ही वापर बरोबर आहेत. घाटाच्या वर आणि खाली एकच शब्द वेगळा अर्थ घेऊन वावरतो, इतकेच.

लॅटराइट हे जांभ्याचेच भूशास्त्रातील नाव आहे आणि त्याचा उगमही आपल्याच किनारपट्टीवरचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन याने केरळातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला हे नाव दिले. जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा हा दगड हवा लागताच विटेसारखा कठीण होतो, आणि तेथील लोकही त्याला ‘विटेचा दगड’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखत, असे त्याने नोंदवले. लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. म्हणजे विद्वानांचे वाटणारे हे नाव मुळात गवंड्यांच्याच निरीक्षणावर उभे आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

आता व्यवहाराचे. केवळ ‘चिरा’ एवढ्या शब्दावर सौदा करू नये. अंदाजपत्रकात ‘जांभ्याचा चिरा’ असे लिहून घ्यावे, लांबी, रुंदी व उंची इंचांत नोंदवावी (चिऱ्याचे माप खाणीगणिक बदलते) आणि दर खाणीवरचा आहे की जागेवर पोच, तेही स्पष्ट करून घ्यावे. खरेदीपूर्वी खाणीवर जाऊन एक चिरा फोडून पाहावा. चांगल्या जांभ्याच्या फुटलेल्या तोंडावर गडद तांबडे, लोहयुक्त जाळे दिसते आणि त्यात लहान लहान पोकळ्या असतात. त्या पोकळ्या पिवळ्या किंवा पांढरट मातीने भरलेल्या असतील आणि नखाने ती माती सहज उकरली जात असेल, तर तो चिरा भिंतीसाठी घेऊ नये. असा मऊ माल बहुधा खाणीच्या खालच्या थरातला असतो. ताजा निघालेला चिरा काही महिने उघड्यावर रचून ठेवता आला तर उत्तम, कारण तो वाळत जातो तसतसा कठीण होतो.