आधी चढ ठरवा, मग गाणं

प्रश्न : इनडोअर सायकलिंगचे क्लास नुकतेच घ्यायला लागले आहे. गाण्याची लय आणि पायांचा वेग जुळवायचा कसा?

पंधरा सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा, की बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, मिळतात. दर ठोक्याला एक पाय खाली, म्हणजे पेडलचे फेरे बीपीएमच्या निम्मे. १२८ च्या गाण्यावर मिनिटाला ६४ फेरे होतात, तो चढाचा, म्हणजे पेडल जड करून चालवायचा वेग. १८० च्या गाण्यावर ९०, तो सपाट रस्त्याचा. साधारणपणे चढाला ६० ते ८० आणि सपाटीला ८० ते ११० फेरे धरा. त्यापुढे जाऊ नका. रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, कमी असला की फ्लायव्हील, म्हणजे सायकलचं जड फिरतं चाकच, पायांना ओढत नेतं, माणूस सीटवर उसळतो आणि गुडघ्यांवर ताण येतो.

माझा आग्रह एकच आहे : क्लासचा आराखडा आधी, गाणी नंतर. आवडत्या गाण्यांवर व्यायाम बसवत गेलं की तीन चढ लागोपाठ येतात आणि मधे दम खायला जागाच उरत नाही.

प्रश्न : आमच्या बॅचमध्ये पन्नाशीपुढच्या बायका जास्त आहेत. त्यांना मराठी गाणी हवी असतात. चालतील का?

जरूर लावा. ओळखीचं गाणं लागलं की चेहरे खुलतात आणि पाय आपसूक चालतात. फक्त ठेका नीट ऐका. कोळीगीतात बहुधा सहा मात्रांचा झोका असतो. त्यातले दोन जड ठोके मोजा, सहाही मोजायला गेलात तर गोंधळ होईल. ढोल-ताशा चढासाठी फार छान, पण पाय ढोलावर ठेवायला सांगा. ताशाच्या मागे लागले की सगळ्याजणी रेझिस्टन्स सोडून भिरभिर पाय फिरवतात. लावणीची लय पुढे चढत जात असेल, तर ती ठेका धरून चालवायच्या भागात नको. भावगीतं कूल-डाउनला, म्हणजे शेवटी वेग उतरवताना, ठेवा.

प्रश्न : लय वाढवली की लोक खरंच जास्त मेहनत करतात?

थोडी करतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सायकल चालवणाऱ्या १२ विद्यार्थ्यांना न सांगता संगीताची लय १० टक्के वाढवली, तेव्हा त्यांनी कापलेलं अंतर सुमारे २ टक्क्यांनी वाढलं. मात्र अगदी जोराच्या इंटरव्हलमध्ये, म्हणजे थोडा वेळ पूर्ण ताकदीने चालवायच्या टप्प्यात, शरीराचा थकवा संगीतापेक्षा मोठा होतो. तिथे गाण्यावर विसंबू नका, सेकंद मोजून दाखवा.

प्रश्न : माझ्या मोबाइलवरच्या अॅपचे पैसे मी भरते. तीच गाणी जिममध्ये वाजवली तर?

ते पैसे तुमच्या खाजगी ऐकण्याचे. पैसे घेऊन चालणाऱ्या क्लाससाठी सार्वजनिक वादनाचा परवाना लागतो : रेकॉर्डिंगचा वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. शब्द-चालीसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, रेकॉर्डिंगसाठी पीपीएलसारख्या संस्था. परवाना जिमच्या मालकाने घ्यायचा, पण विचारायचं तुम्ही.

प्रश्न : आवाज किती ठेवावा?

तुम्ही मागता त्यापेक्षा कमी. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठी मानलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एकच तास. सभासद एका क्लासनंतर घरी जातात, तुम्ही मात्र दिवसाला तीन क्लास घेता. मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने अंदाज घ्या, माइक वापरा आणि सूचना देताना गाणं खाली आणा. क्लासनंतर कानात गुंईऽऽ आवाज येत असेल, तर आवाज जास्त होता. तो आवाज दुसऱ्या दिवशीही टिकला, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.