गायक गेल्यावर

प्रिय मित्रा,

"अजून त्याचंच काय घेऊन बसलायस? तो तुझा कोण लागत होता?" घरच्यांचं हे बोलणं तुझ्या मनाला लागलं. लागणारच. शाळेत असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री, घरात भांडण झाल्यावर ज्याचा आवाज कानात होता, तो माणूस परका कसा? लिंकिन पार्क या रॉक बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन तुला ओळखत नव्हता, पण तू त्याला ओळखत होतास. दुःख व्हायला तेवढं पुरतं.

२० जुलै २०१७ ला, ४१ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्या दोनच महिने आधी त्याचा गायक मित्र ख्रिस कॉर्नेल तसाच गेला होता, आणि २० जुलै हा कॉर्नेलचा जन्मदिवस. तू लिहितोस की आता जुन्या प्रत्येक गाण्यात तुला खुणा सापडतात. ते मात्र थांबव. गाण्यांचा पंचनामा करू नकोस. ती अनेकांनी मिळून बांधलेली, घासूनपुसून रेकॉर्ड केलेली गाणी आहेत. ती चिठ्ठी नव्हे. आधी ती तुला बळ द्यायची, ते खोटं नव्हतं.

त्याऐवजी बँडने त्याच्या आठवणीत केलेला २७ ऑक्टोबर २०१७ चा हॉलीवूड बोलमधला कार्यक्रम बघ, पूर्ण. जवळपास तीन तासांचा आहे. पाहुणे गायक येतात, जातात. मग त्यांचं 'नंब' हे गाणं सुरू होतं आणि माइकपाशी कुणीच उभं राहत नाही. स्टँडला फुलं बांधलेली, त्यावर प्रकाशझोत, बँड वाजवतोय आणि गातायत ते प्रेक्षक. शब्द न शब्द पाठ असलेली हजारो माणसं. तुला वाटतं तू एकटाच वेडा आहेस. तिथे बघ, किती आहेत. एकट्याने बघू नकोस, एखाद्या मित्राला बोलाव.

आता बँडची नवी गायिका, एमिली आर्मस्ट्राँग. सप्टेंबर २०२४ मध्ये बँड तिला घेऊन परतला आणि तुला तो विश्वासघात वाटला. मला तसं वाटत नाही. गायक इयान कर्टिस गेल्यावर जॉय डिव्हिजनच्या मंडळींनी नावच सोडलं आणि न्यू ऑर्डर झाले. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. बँडने जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम काढला, दुखवट्याचं काळं कव्हर लावून. क्वीनमध्ये तर, पाचगणीत शिकलेल्या आपल्या फ्रेडी मर्क्युरीनंतर, बास वाजवणारा जॉन डीकन कायमचा बाजूला झाला आणि बाकीचे दोघे वाजवत राहिले. एकाच बँडमधल्या माणसांनाही एकसारखं वागता आलं नाही, मग तुझ्यावर कसली सक्ती? त्यांना पुढे जायचा हक्क आहे, तुला नवीन अल्बम न ऐकण्याचा. तिला शिव्या घालण्याचा मात्र नाही. तिने कुणाची जागा हिसकावलेली नाही.

तू झोप लागत नाही असंही एका ओळीत लिहिलंयस. ती ओळ मी सोडून देणार नाही. मनात नको ते विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि मलाही कर, कितीही वाजता.

एवढं झाल्यावर चेस्टरचा बँडमधला साथीदार माइक शिनोडा याचा २०१८ चा अल्बम 'पोस्ट ट्रॉमॅटिक' ऐक. त्यातल्या एका गाण्यात तो त्याच कार्यक्रमाच्या तयारीबद्दल बोलतो, निरोप पुन्हा पुन्हा द्यावा लागतो म्हणतो. इतकी वर्षं शेजारी उभा राहून गायलेला माणूस आहे तो. आधी त्याचं ऐक, मग एमिलीसोबतचा नवा अल्बम 'फ्रॉम झीरो' लाव. नाही आवडला तर तसं मोकळेपणाने कळव.

तुझा,
दादा