मुलीच्या शिक्षणाचा हप्ता थांबवून घरात मदतीला माणूस ठेवावं का?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी नुकतीच वर्षाची झाली, दिवसा पाळणाघरात असते. तिच्या उच्च शिक्षणासाठी दरमहा माझ्या हातात येणाऱ्या पगाराचा पाचवा हिस्सा आम्ही गुंतवतो. पण सध्या घर अक्षरशः हाताबाहेर गेलंय. संध्याकाळी सहा ते नऊ रडारड, रात्री दोन-तीनदा जाग, आणि महिन्याआड सर्दी-ताप. दोघांच्याही रजा संपल्यात. दिवसभरासाठी मदतनीस ठेवायची तर हा हप्ता पूर्ण थांबवावा लागेल. नवरा म्हणतो, चक्रवाढीचा खरा फायदा सुरुवातीच्या वर्षांतच असतो, तिचं भविष्य आपल्या झोपेसाठी मोडायचं नाही. मी एकदा राजीनामा टाईप करून ठेवला होता, पाठवला नाही. काय करावं? माझ्या आईला कायमचं बोलावून घ्यावं, असाही विचार येतो. सोबत गेल्या तीन महिन्यांचा खर्च, मदतनिसाचा इथला दर आणि दोघांच्या रजांचा तक्ता जोडला आहे. आणि एक छोटा प्रश्न : मैत्रीण तिची वापरलेली कार सीट देते आहे, घ्यावी का?

उत्तर : चक्रवाढीबद्दल तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून आधी त्यांचंच गणित मांडते. हप्ता १०० धरू. मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत १७ वर्षं, म्हणजे २०४ हप्ते. वर्षाला ८ टक्के परतावा मिळेल असं समजू (हे गृहीतक आहे, हमी नाही). एकही हप्ता न चुकता भरलात तर शेवटी साधारण ४३,२०० जमतात. पहिले १८ महिने काहीच न भरता मग सुरुवात केलीत तर सुमारे ३६,६००. हप्ते चुकले जेमतेम ९ टक्के, पण रक्कम घटली १५ टक्के. सुरुवातीचे पैसे सर्वांत जास्त काळ वाढतात, त्यामुळे त्यांना हात लावणं महाग पडतंच.

आता हेच उलट बाजूने बघा. ही तूट भरून काढायला १९व्या महिन्यापासून १०० ऐवजी ११८ भरावे लागतील. आणि मी पुढे सुचवणार आहे तसा हप्ता पूर्ण न थांबवता १८ महिने फक्त निम्मा केलात, तर नंतर १०० च्या जागी १०९ पुरतात. आजवर साठलेली रक्कम या हिशेबात धरलेलीच नाही. ती जागची हलवायची नाही, ती आपली वाढत राहील. ‘भविष्य मोडणं’ म्हणतात ते प्रत्यक्षात एवढंच आहे : अडीच वर्षांच्या मुलीच्या आईबापांनी हप्ता शेकडा नऊने वाढवायचा. तोवर दोघांचे पगार थोडेफार वाढलेले असतील, आणि आजचे बरेच खर्च गळून पडलेले असतील.

नवऱ्याच्या हिशेबात तुमचा तो न पाठवलेला राजीनामा कुठेच दिसत नाही. माझ्या मते या पत्रातला सगळ्यात महागडा आकडा तोच आहे. अर्धा हप्ता १८ महिने कमी भरला तर एकूण नऊ हप्ते कमी जातात. हप्ता तुमच्या पगाराचा पाचवा हिस्सा, म्हणजे ही रक्कम तुमच्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षाही कमी झाली. नोकरी सोडलीत आणि परत मिळवायला सहा महिने जरी लागले, तरी नुकसान याच्या तिप्पट. त्यात हुकलेली पगारवाढ आणि निवृत्तीसाठी कापली जाणारी रक्कम मी धरलेली नाही. नोकरी सोडावीशी वाटणं चूक नाही, मुलीजवळ राहायची ओढ असेल तर तो स्वतंत्र आणि रास्त निर्णय आहे. पण तुमच्या पत्रात मला ओढ दिसली नाही, थकवा दिसला. थकून दिलेला राजीनामा म्हणजे पडत्या बाजारात घाबरून विकलेले शेअर.

तेव्हा मदत घ्या, असं माझं स्पष्ट मत. मात्र दिवसभराची नको. पाळणाघराचे पैसे तुम्ही भरताच आहात. दिवसभर माणूस ठेवलं तर त्याच तासांसाठी दोनदा पैसे जातील. पाळणाघर बंद करून घरीच सांभाळायला कोणी ठेवलं तर ते माणूस ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी पुन्हा तुमचीच रजा. तुमची अडचण संध्याकाळी सहा ते नऊ या वेळातली आहे. या वयात मुलं दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर यायला लागतात, साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, आणि हे बदलत असताना संध्याकाळ फार चिडचिडीची जाते. त्या वेळी तिला आईबाप हवे असतात आणि आईबाप ओट्याशी उभे असतात. म्हणून माणूस ठेवा ते घरकामाला : स्वयंपाक, भांडी, कपडे, दुसऱ्या दिवशीची पाळणाघराची पिशवी. मुलगी तुमच्यापैकी एकाकडे, आणि दुसरा अर्धा तास चक्क आडवा. तुम्ही कळवलेल्या दराने आठवड्यातले पाच दिवस रोज तीन तासांची मदत निम्म्या हप्त्यात बसते. मी आकडेमोड करून पाहिली, थोडे उरतातही.

हे थोडे उरतात ते आजारपणासाठी वेगळे ठेवा. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं सर्वसाधारण समजलं जातं, आणि पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलांना जरा जास्तच. तुमच्या मुलीत काही कमी नाही आणि बहुधा पाळणाघरातही नाही. ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय मुलाला परत घ्यायचं नाही, असा नियम बऱ्याच पाळणाघरांत असतो, त्यामुळे एका तापात कामाचे दोन दिवस सहज जातात. वर्षाचे १२ ते १६ दिवस. महिन्याला कामाचे २२ दिवस धरले तर बिनपगारी रजेत हा अर्ध्या ते पाऊण महिन्याचा पगार झाला. हा खर्च अचानक येतो असं सगळे म्हणतात. खरं तर तो कॅलेंडरसारखा नेमाने येतो, फक्त तारीख सांगत नाही. त्यासाठी बँकेत छोटं वेगळं खातं उघडा. तापाचे दिवस दोघांनी आधीच वाटून घ्या, एक आजारपण तुमचं, पुढचं त्यांचं. सकाळी सात वाजता तापलेलं मूल कडेवर घेऊन ‘आज माझी मीटिंग महत्त्वाची की तुझी’ हा वाद घालणं कोणालाच परवडत नाही.

तुमच्या आईला कायमचं बोलावून घ्यायचा विचार पत्रात एका ओळीत आलाय. आजी आली तर उत्तमच, पण तिची मदत फुकट आहे असं समजून हिशेब करू नका. वर्षाचं मूल दिवसातून शंभरदा उचलावं लागतं, तिची कंबर आणि गुडघे कोणाच्या खात्यात धरायचे? तिला आजारपणाच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा, येण्याजाण्याचा खर्च तुम्ही करा.

आता तीन महिन्यांच्या खर्चाकडे. त्यातल्या वस्तूंच्या नोंदी वाचताना मला वेळेचा रकाना जास्त बोलका वाटला. पाळणा हलवणारं यंत्र रात्री १:४०ला मागवलं आहे, बाळ झोपावं म्हणून एकसुरी आवाज करणारं यंत्र पहाटे तीनला, वॉकर पुन्हा रात्रीच. झोप न मिळालेला माणूस वस्तू विकत घेत नाही, झोपेचं आश्वासन विकत घेतो. या रात्रीच्या खरेद्या, बाहेरून मागवलेली जेवणं आणि डब्यातली ‘मोठ्या बाळांची’ दूध पावडर यांची बेरीज दरमहा जवळपास पाऊण हप्त्याएवढी भरते. मग हप्त्याला हात न लावता हेच बंद करून माणूस का ठेवू नये, असं नवरा विचारेल. कागदावर ते बसतं. पण मी तसा सल्ला देणार नाही, कारण थकलेल्या घराला आधी काटकसर करायला सांगितली तर ती दहा दिवस टिकते. आधी मदत येऊ दे. संध्याकाळी घरात जेवण तयार दिसलं की बाहेरून मागवणं आपसूक कमी होईल. तीन-चार महिन्यांनी पुन्हा खर्च लिहून काढा आणि जे वाचलं असेल तेवढा हप्ता तेव्हाच वाढवा, १८ महिने थांबायची सक्ती नाही.

पावडरचं मात्र आजच ठरवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी अशा ‘पुढच्या टप्प्याच्या’ पावडरींची शिफारस नाही. अंगावरचं दूध चालू ठेवावं, ते नसेल तर या वयात साधं प्राण्याचं दूध चालतं. अशा पावडरींची गरज नाही हे जागतिक आरोग्य सभेच्या १९८६च्या ठरावातही म्हटलं होतं. मुलीला दुधाची ॲलर्जी असेल, ती दिवस भरायच्या आत जन्मली असेल किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यांना विचारूनच बदला. नाहीतर खर्चाच्या यादीतली ही ओळ सर्वांत सोपी.

वॉकर परत करा, पैसे परत मिळोत न मिळोत. त्याने मूल लवकर चालायला शिकत नाही, आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. कपडे, बूट, खेळणी यांबाबत एवढंच सांगते की पहिल्या वर्षात मुलाचं वजन साधारण तिप्पट होतं आणि उंची २५ सेंटीमीटरच्या आसपास वाढते. यापुढे वेग मंदावेल, तरी दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे आनंदाने घ्या. डायपरचा खर्च तुम्हाला अंगावर येतो आहे हे कळलं, पण तो संपणारा आहे. बहुतेक मुलं दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान डायपर सोडतात. १०० वरचे ते नऊ इथूनच निघतील असा माझा अंदाज.

हप्ता निम्मा करण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण त्या जागेवर नसतील तर माझं वरचं सगळं उत्तर बदलतं. योजनेचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. साधी गुंतवणूक असेल तर हप्ता कमी-जास्त करता येतो, पण विम्याला जोडलेली असेल तर हप्ता चुकल्यावर पॉलिसी बंद पडू शकते किंवा हाती येणारी रक्कम बरीच घटते. अटी वाचल्याशिवाय काही करू नका. दुसरं, निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाचा आपत्कालीन निधी शाबूत आहे ना? मदतनिसाचा पगार त्यातून द्यायचा नाही. आणि तिसरं म्हणजे तुम्हा दोघांचा टर्म विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तर कुटुंबाला रक्कम देणारा), ज्याचा पत्रात उल्लेखच नाही. शिक्षणाची योजना कितीही चांगली असली तरी हप्ता भरणाऱ्याचं काही बरंवाईट झालं की ती तिथेच थांबते. दोघांवर पुरेसा विमा नसेल तर निम्म्या हप्त्यातले पहिले पैसे तिकडे वळवा, मदतीचे तास थोडे कमी झाले तरी चालतील.

हप्ता एकदा कमी केला की पुन्हा पूर्ववत करायचा राहून जातो, ही भीती नवऱ्याला असेल तर ती रास्त आहे. अशी थांबलेली खाती मी पुष्कळ पाहते. म्हणून बँकेला एकाच दिवशी दोन सूचना द्या. पहिली निम्म्या हप्त्याची, १८ महिन्यांनी आपोआप संपणारी. दुसरी १०९ची, पहिली संपल्याच्या पुढच्याच महिन्यापासून सुरू होणारी. तेव्हा पैसे कमी पडले तर ती थांबवायला तुम्हाला मुद्दाम लॉगइन करावं लागेल, आणि तेवढा आळस इथे आपल्या फायद्याचा आहे. १८ महिन्यांचाच आकडा का, तर अडीच वर्षांचं मूल सहसा रात्री सलग झोपतं, हाताने जेवतं, काय दुखतंय ते सांगतं. तोवर संध्याकाळची मदत निम्म्यावर आणता येईल. रात्रीची जाग त्यानंतरही तशीच राहिली तर तो प्रश्न बालरोगतज्ज्ञांचा.

जाता जाता नवऱ्याला एक विचारा : पाळणाघरातून आणणं, आंघोळ, रात्रीची जाग यांतलं किती ते करतात? हा पैशाचा प्रश्न नाही असं ते म्हणतील. पण तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात गेल्या वर्षभरात तुमच्या बिनपगारी रजा त्यांच्यापेक्षा बऱ्याच जास्त आहेत, म्हणजे आहेच.

कार सीट : मैत्रीण जवळची आहे, म्हणून सरळ विचारा. गाडीला कधी अपघात झाला होता का, सीट कुठे विकत घेतली, सगळे पट्टे आणि माहितीपुस्तिका आहे का? सीटवर उत्पादनाचं वर्ष आणि वापराची मुदत छापलेली असते, ती उलटून गेली नसावी. तुमच्या मुलीच्या उंची-वजनाला ती मागे तोंड करून बसवता यायला हवी, या वयात तेच जास्त सुरक्षित. ही उत्तरं नीट मिळाली तर खुशाल घ्या. अपघाताबद्दल ती जराही घुटमळली तर नवीन घ्या आणि त्याचे पैसे आपत्कालीन निधीतून काढलेत तरी मी काही म्हणणार नाही.