जाळण्याआधी कोळसा धुतला तर चिमणीआधी धूर साफ करणारी महागडी यंत्रं टाळता येतील का?

नाही टाळता येणार. धुतल्याने राख चांगलीच कमी होते, गंधक थोडं कमी होतं आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तेवढाच राहतो.

मी काही काळ वॉशरीच्या, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत होतो. तिथली चाचणी साधी असते. बादलीत झिंक क्लोराइडचं द्रावण घ्यायचं, घनता १.५ वर (म्हणजे पाण्याच्या दीडपट) आणायची आणि फोडलेला कोळसा जाळीच्या टोपलीतून त्यात सोडायचा. चांगल्या कोळशाची घनता १.३ च्या आसपास, म्हणून तो तरंगतो. दगडाची दोनच्या वर, तो तळ गाठतो. तरंगलेला माल झाऱ्याने काढायचा, धुऊन-वाळवून जाळायचा आणि उरलेली राख तोलायची. खरी मेख असते मधल्या तुकड्यांत. एका अंगाला चकचकीत कोळसा, दुसऱ्या अंगाला चिकटलेली दगडाची पट्टी, आणि हे धड वर येत नाहीत की खाली जात नाहीत. आणखी फोडले तर दगड सुटतो, पण भुकटी वाढते.

वॉशरीत तत्त्व हेच, फक्त द्रावणाऐवजी पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड कालवतात. ती चुंबकाने परत मिळते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भुकटीला मात्र फेसाची पद्धत लागते. थोडं तेल घातलं की कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, माती पाण्यातच राहते.

आता गंधकाचं. त्याचा एक भाग पायराइट या खनिजात असतो. त्याची घनता ५ च्या आसपास, त्यामुळे सुटा झालेला पायराइट सहज खाली बसतो. दुसरा भाग कोळशाच्या रेणूंतच गुंफलेला. तो कितीही धुतलं तरी हलत नाही. वनस्पतींच्या पेशींतूनच आलेल्या अतिबारीक राखेचंही तसंच. आणि कार्बन तर आपल्याला जाळायचाच आहे! १२ किलो कार्बन पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होणार. दगड गेल्यामुळे बॉयलर जरा बरा चालतो, तेवढीच काय ती बचत.

म्हणून राखेसाठी स्थिरविद्युत अवक्षेपक (विजेच्या भाराने धुरातली राख ओढून घेणारं यंत्र) आणि सल्फर डायऑक्साइडसाठी चुनखडीचा स्क्रबर (धुरातून हा वायू धुऊन काढणारं यंत्र) चिमणीआधी लागतातच. धुतलेल्या कोळशाने त्यांच्यावरचा भार हलका होतो, हेही काही कमी नाही.

जाहिरातींत न दिसणारी गोष्ट म्हणजे धुतल्यावर उरलेला गाळ. तो बांध घालून साठवतात. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक इथे असाच बांध फुटला आणि १२५ माणसं गेली. हवेतली घाण पाण्यात ढकलली तर त्याला स्वच्छता कसं म्हणायचं?

माझ्या मते कोळसा लांब न्यायचा असेल तर जरूर धुवावा. दगडाचं भाडं कशाला भरायचं? वीजकेंद्र खाणीच्या तोंडाशीच असेल तर आधी गाळाचा हिशेब मांडावा, मग वॉशरीचा.