परक्या कोडसाठी मायक्रो-व्हीएम: सुरुवात इथून करा

दुसऱ्याचा, भरवसा नसलेला कोड चालवायला कंटेनर सोडून मायक्रो-व्हीएमकडे (अगदी हलक्या आभासी मशीनकडे) वळताय, ते योग्यच. कंटेनर होस्टचाच (ज्या मशीनवर तो चालतो त्याचाच) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरतो. त्यात एक भोक सापडलं की सगळं मशीन गेलं. फायरक्रॅकर या मायक्रो-व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक व्हीएमला स्वतःचा कर्नल असतो आणि ती साधारण १२५ मिलिसेकंदांत उभी राहते. तेव्हा काटकसर म्हणून एकाच व्हीएममध्ये दोन जॉब चालवू नका. काम झालं की फेकून द्या.

आधी होस्टवर केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हीएम चालवायची सोय) चालू आहे का बघा. भाड्याच्या क्लाउड मशीनवर ते बरेचदा नसतं, आणि नवखे इथेच अडकतात. मग:

- मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा. लिहायला वेगळी, छोटी द्या.
- नेटवर्क जोडूच नका. लागलंच तर १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता अडवा. क्लाउडच्या चाव्या तिथून मिळू शकतात.
- वेळमर्यादा होस्टवरून लावा. टायमर व्हीएमच्या आत ठेवला तर जॉब तो सहज बंद पाडू शकतो.

फायरक्रॅकर थेट रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवणं ही नेहमीची चूक. सोबत येणारा जेलर (फायरक्रॅकरला कमी अधिकारांत कोंडून चालवणारा प्रोग्रॅम) वापरा. आउटपुटलाही मर्यादा हवी (१ एमबी पुष्कळ झाली), नाहीतर न थांबणारा प्रिंटचा लूप होस्टची डिस्क भरून टाकतो. स्नॅपशॉटच्या (चालू व्हीएमची स्थिती साठवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याच्या) भानगडीत इतक्यात पडू नका.