डोंगराळ आडरस्त्यांवर सायकलने पहिल्यांदा निघताना

रस्ता निवडताना अंतरापेक्षा चढ बघा. सपाटीवरचे ५० किलोमीटर आणि ८०० मीटर चढाईचे ५० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुरुवातीला २५-३० पुरे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ऐन चढावर, पेडलवर जोर असताना गिअर बदलणं. हलका गिअर आधीच टाका.
- उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवणं. चाकाची रिम (बाहेरची कड) तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेकनी वेग कमी करा, वळणात नको. अशा वळणांवर खडी, शेण, चिखल असतोच (कधी अख्खा गुरांचा कळपही).

रहदारी नाही तिथे मदतही लवकर मिळत नाही. जादा ट्यूब, पंप, पाणी सोबत ठेवा. महागडी सायकल? सध्या विसरा. आणि दम लागला तर खुशाल उतरून चाला, आम्हीही चालतो.