गज लाकडी घ्यावा की धातूचा?

वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या बंदुका

ठासणीच्या रायफलीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात आणि गजानं तळापर्यंत दाबून बसवतात. या गजाबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो. नाताळनंतरच्या चकमकी बंदुकांच्या हंगामासाठी पन्नास कॅलिबरची, म्हणजे नळीचा आतला व्यास अर्धा इंच असलेली, लांब रायफल घेतली, नळी 42 इंची. सोबतचा लाकडी गज गोळी ठासतानाच मोडला. दुकानदार पितळी गज सुचवतो, नेमबाजीचे सोबती स्टीलचा. कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी मोडलेला तुकडा उजेडात धरून बघा. मोड बोरूच्या टोकासारखा लांब आणि तिरका असेल तर लाकूडच वाईट होतं. त्याच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न जाता मध्येच बाजूला बाहेर पडल्या होत्या. मोड आखूड आणि दातेरी असेल तर लाकूड बरं होतं, पण गज वाकवून दाबला गेला. बहुतेक गज या दोनच कारणांनी मोडतात. यातला तिरका मोड धोक्याचा, कारण टोक सुरीसारखं धारदार होतं आणि हात जोरात खाली येत असतो. तळहातातून आरपार गेलेल्या गजाच्या दुखापती अशाच होतात.

म्हणून पहिला बदल गजात नको, पकडीत करा. आखूड दांड्याच्या स्टार्टरनं गोळी नळीत दोन-चार इंच उतरवली की गजाचा जवळजवळ मीटरभर भाग नळीबाहेर असतो. टोकाला धरून दाबलं तर तो धनुष्यासारखा वाकणारच. नळीच्या तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर मूठ धरा, तेवढंच खाली दाबा, मूठ पुन्हा वर घ्या, पुन्हा दाबा. गजाच्या माथ्यावर तळहात कधीही टेकवू नका, आणि चेहरा तर नळीच्या तोंडावर येताच कामा नये.

गज वाकेपर्यंत जोर लावावा लागतो त्याचं एक कारण नळीतली काजळी. काळ्या दारूचा बराच भाग जळून वायू होत नाही, क्षारांच्या राखेच्या रूपानं मागे राहतो. ही राख हवेतला ओलावा ओढते, आणि कोरड्या थंडीत कडक पापुद्र्यासारखी धरते. दोन-तीन बारांनंतर गोळी जड जायला लागली की माणूस जोर वाढवतो आणि गज मोडतो. प्रत्येक बारानंतर एक किंचित ओलसर चिंधी आणि मागोमाग एक कोरडी चिंधी फिरवा. चिंधीतून पाणी निथळता कामा नये, नाहीतर पुढची दारू भिजेल. चिंधी फिरवूनही गोळी अडत असेल तर भरताना तिच्याभोवती गुंडाळायचं कापड जाड आहे. 0.490 इंची गोळीला 0.018 इंची कापड घट्ट वाटलं तर 0.015 वापरून पाहा.

आता धातूकडे. तुमच्या नळीला 3/8 इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा गज लागतो. 42 इंच लांबीला हिकरीचा (हिकरी म्हणजे अमेरिकेतलं एक चिवट लाकूड) गज साधारण 60 ग्रॅम भरतो, अॅल्युमिनियमचा 200, स्टीलचा 600 आणि पितळेचा त्याहून थोडा जास्त. लांब रायफल मुळातच पुढून जड असते. तिच्या पोटाखाली आणखी अर्धा किलो घालून दिवसभर बर्फात चालायचं का, हे ठरवा. शिवाय जड गज रायफलीखाली तो अडकवायच्या छोट्या नळ्यांत खडखडतो आणि बाराच्या धक्क्यानं पुढे सरकतो. लष्करी बंदुकांत त्यासाठी दस्त्यात स्प्रिंग असते, तुमच्या रायफलीत बहुधा नसेल.

पितळेबद्दल लोकांचा एक समज पक्का आहे : ते नळीपेक्षा मऊ, म्हणून निर्धोक. आमचं मत वेगळं आहे. मऊ धातूत काजळीतली आणि मातीतली कच रुतून बसते, आणि मग गज कानशीसारखा चालतो. अॅल्युमिनियमचंही तेच, वर ते वाकलं की सरळ होत नाही. गुळगुळीत पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलवर कच टिकत नाही, एका पुसण्यात निघते. पण कोणताही धातूचा गज नळीच्या तोंडावर घासू देऊ नये. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती त्या तोंडाशी. तिथले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचा, एका बाजूनं झिजले की गोळीमागचा वायू आधी त्या बाजूनं सुटतो आणि नेम फाकतो. म्हणून स्टीलच्या गजावर सरकणारा प्लास्टिकचा किंवा पितळेचा शंकू लावतात. तो तोंडात बसतो आणि गज बरोबर मधोमध राहतो. हा शंकू नसेल तर स्टीलचा गज घेऊच नका.

लाकूड नळी घासत नाही हेही अर्धंच खरं. तेल न दिलेल्या उघड्या लाकडात कच भरते. लाकडी गजही प्रत्येक वेळी पुसायचा असतो.

तेव्हा दोन गज ठेवा. मैदानावर, साफसफाईला आणि अडकलेली गोळी काढायला स्टीलचा, शंकूसकट, मूठ असलेला. रायफलीखाली शिकारीला जाताना हिकरीचा. हिकरी घेताना करवतीनं कापलेला गज नको, ओंडका फोडून काढलेला हवा, कारण फोडताना लाकूड स्वतःच्या रेषेनं सुटतं. गज हातात फिरवत रेषा शेवटपर्यंत डोळ्यांनी पाळा. एखादी रेषा मध्येच कडेला संपली तर तो बाजूला ठेवा. थोडा बाक चालतो, रेषा सुटलेली चालत नाही. मग दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा. कुर्रर्र असा आवाज आला तर तो तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार नाही. हार्डवेअरच्या दुकानातले गोल दांडे गजाला वापरू नका. ते करवतीनं कापलेले असतात, रेषेचा भरवसा नसतो.

टोकाचं पितळी बूच नुसतं चिकटवलेलं असेल तर ते नळीत सुटणार हे धरून चाला. बूच आणि लाकूड यांतून आडवं दीड मिलिमीटरचं भोक पाडा, पितळेची किंवा स्टीलची तार घाला, दोन्ही बाजूंनी ठोकून सपाट करा आणि कानशीनं समतल घ्या. शेवटी गजावर दोन खुणा करा : नळी रिकामी असताना गज तोंडाशी जिथे येतो तिथे एक, ठरलेली दारू आणि गोळी बसल्यावर दुसरी. गोळी दारूला टेकलेली नसेल, मध्ये पोकळी राहिली असेल, तर बार होताना नळी फुगू किंवा फुटू शकते. दुसरी खूण तोंडाच्या वर दिसत असेल तर बार करू नका.

प्रश्न : माझी बत्तीस कॅलिबरची आहे. हाच सल्ला लागू होतो का?

उत्तर : नाही. बत्तीस कॅलिबरच्या नळीत 1/4 इंचीच, म्हणजे 6.35 मिलिमीटरचाच गज जातो. वाकण सोसण्याची ताकद व्यासाच्या घनानं बदलते, त्यामुळे साडेनऊ मिलिमीटरच्या काठीच्या मानानं ही काठी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ताण सोसते. इतकं बारीक लाकूड ठासायला वापरू नये. शंकूसकट स्टील घ्या. जाडी कमी असल्यानं वजनही फारसं होत नाही.

प्रश्न : सिंधुदुर्गात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर केपाची, म्हणजे घोडा आपटून ठिणगी देणाऱ्या टोपीची, ठासणीची बंदूक आहे. लोखंडी गज गंजला, बदलायचा आहे. इथे माणगा बांबू भरीव मिळतो. तो चालेल का?

उत्तर : बांबू नको. माणगा भरीव असला तरी पेरं तासली की तिथेच कमजोर होतो, आणि फाटला की उभ्या, पात्यासारख्या चिरा निघतात.

तुमच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आहे, आटे नाहीत. त्यामुळे तोंडाच्या झिजेची काळजी रायफलीइतकी नाही, आणि लोखंडी गज तुम्हाला योग्यच आहे. फक्त बांधकामाची सळई वापरू नका. तिच्या उंचवट्यांनी नळी खरवडते. लेथवाल्याकडे ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल सळई, मिळतो तो घ्या, नळीच्या आतल्या व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी. दोन्ही टोकं गोलसर करून पॉलिश करा, ठासायच्या टोकाला पितळेचं बूच आट्यांवर बसवून आडवी खीळ घाला. गज घेताना नळीची लांबी मोजून तोंडावर निदान चार बोटं उरतील असा घ्या. नळीत बूड गाठलं आणि बाहेर धरायला काही उरलं नाही, तर अडकलेली चिंधी काढायची कशानं?

पावसाळ्यात गज बंदुकीखालच्या खोबणीत राहू देऊ नका. तिथे ओल धरते आणि गजाबरोबर नळीलाही तांबेरा चढतो. कोरडा पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळा ठेवा. बंदुकीच्या इतर दुरुस्त्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच करा.

प्रश्न : युरोपातल्या फौजांनी लाकडी गज का सोडले, आणि अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी का नाही?

उत्तर : प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं राज्य) पायदळात 1718 च्या सुमाराला लोखंडी गज आले. त्यामागे प्रशियाचा सेनापती, आनहाल्ट-डेसाऊचा लिओपोल्ड, याचा पुढाकार होता. रांगेत उभं राहून घाईनं भरताना लाकडी गज मोडायचे, पावसात फुगायचे, आणि गज गेला की शिपाई निकामी. मस्केटची, म्हणजे फौजेच्या आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, गोळी मुळातच सैल असे. ब्रिटिशांच्या ब्राउन बेस मस्केटची नळी 0.75 इंची तर गोळी 0.69 च्या आसपास. नेम बारीक नव्हताच, तेव्हा तोंड झिजल्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. ब्रिटिश फौजेतही अठराव्या शतकात हळूहळू स्टीलच आलं. शिकाऱ्याची गरज उलटी : एकच बार, पण नेमका, आणि दिवसभर खांद्यावर ओझं. हिकरीचं झाड दारातच होतं.

प्रश्न : गोळी निम्म्यावर अडकली. लाकडी गज हलत नाही. आता काय करू?

उत्तर : त्या अवस्थेत बार करू नका. केप काढा, चकमकीची असेल तर पात्रातली दारू झटका आणि गारगोटी काढून ठेवा. स्टीलच्या गजानं, आखूड पकडीत, गोळी सावकाश खाली दाबून बघा. खुणेपर्यंत गेली तर सुरक्षित दिशेला बार करून मोकळे व्हा.

हलत नसेल तर गजावर हातोडी घालू नका. केप जिच्यावर बसते ती निपल काढून त्या भोकातून, किंवा चकमकीच्या कानातून, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकातून, पाणी सोडा. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो आणि दारू मरते. अर्धा तास थांबा, पुन्हा पाणी सोडा. मग स्टीलच्या गजाला गोळी ओढायचा स्क्रू लावा, त्यामागे नळीच्या व्यासाची पितळी चकती हवीच, नाहीतर स्क्रूचं टोक आट्यांवर ओरखडे काढतं. शिशात स्क्रू नीट बसेपर्यंत फिरवा आणि मुठीनं सरळ ओढा, अंग नळीच्या रेषेतून बाजूला ठेवून. लाकडी गजानं हे करायला गेलात तर बहुधा बूच आत राहील आणि गज हातात येईल.

प्रश्न : गज महिनाभर रॉकेलमध्ये बुडवला की मोडत नाही म्हणतात. खरं आहे?

उत्तर : जुना उपाय आहे, पण त्यावर भरवसा ठेवू नका. रॉकेल उडून जातं, आणि रेषा सुटलेला गज कशातही बुडवला तरी मोडतो. जवसाचं तयार मिळणारं उकळलेलं (बॉइल्ड) तेल द्या : पातळ हात, जास्तीचं पुसून एक दिवस वाळवणं, असं तीन-चारदा. त्यानं ओल आणि कच आत शिरत नाही. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, आणि दारूच्या डब्यापासून लांब.